रोज्यातला पंजा

कुवेतमध्ये अक्रोडाचं झाड नाही. लाकूड तुर्कस्तानातून येतं, विटेएवढे ठोकळे होऊन, दोन्ही टोकांना मेण लावलेलं.

*

शुवैखच्या कार्यशाळेत एका फळीवर चव्वेचाळीस पंजे आहेत. प्लास्टरचे, मनगटाशी संपलेले, प्रत्येकाखाली अरबीत नाव. त्यातले दोन पंजे मेलेल्या माणसांचे आहेत. ते काढायला कोणी तयार होत नाही.

*

ओवैसच्या बायकोचा, जवेरियाचा व्हॉइस मेसेज, रत्नागिरीहून, एकतीस सेकंद. विहिरीवरची मोटर दुरुस्त झाली, धाकटीचा ताप उतरला, ईदला सगळ्यांनी तुमचं विचारलं. मग थोडं थांबून, "तुमचं ते काम झालं का?"

*

ओवैसचा आजा दाभोळच्या खाडीत होड्या बांधायचा. होडी पाण्यात लोटायच्या आधी तिच्या बुडाला, जिथे कोणाची नजर जाणार नाही तिथे, पटाशीने आपली खूण करायचा. कोण बघणार ती, असं कोणी विचारलं तर म्हणायचा, मासे बघतील.

*

हॉस्पिटलात ओवैसची भावजय फरहत ज्या खोलीत बसते तिथे गरम पाण्याचं एक तसराळं असतं. त्यात प्लास्टिकचा पत्रा बुडवला की पोळीसारखा मऊ पडतो. पेशंटच्या हातावर दाबायचा, गार होऊ द्यायचा. चुकला तर पुन्हा गरम पाण्यात. प्लास्टिक माफ करतं.

*

रमजानच्या अठ्ठाविसाव्या दिवशी, दुपारी तीन वाजता, ओवैसने कार्यशाळेचं दार आतून लावून घेतलं आणि कानस हातात घेतली.

*

आज ईदचा दुसरा दिवस. अब्बासियातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमधून तांदळाच्या सांदणांची वाफ जिन्यापर्यंत पोचली होती. ओवैसची आई रुकय्या सकाळपासून शेगडीपाशी होती आणि तिची धाकटी सून फरहत नारळाचं दूध काढत होती. धाकटा झैद शुऐबाच्या प्लांटवरून रात्रपाळी करून आलेला, तो हॉलमधल्या सोफ्यावर आडवा झाला होता. तो सोफा एरवी ओवैसचा. फ्लॅटला दोनच खोल्या. एकीत अब्बा-अम्मा, दुसरीत झैद-फरहत. ओवैसची बायको-मुलं गावी, त्यामुळे त्याच्या वाट्याला हॉल. कोणी तसं ठरवलं नव्हतं, आणि म्हणून कोणाशी भांडताही येत नव्हतं.

टीपॉयवर, शीरखुर्म्याच्या वाट्यांच्या मधोमध, हिरव्या फडक्यात गुंडाळलेली पिस्तुलाची लाकडी मूठ ठेवली होती.

ओवैसच्या अब्बांच्या, नूरुद्दीनच्या घरात पिस्तूल बनवणं म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावं लागत नसे. बाहेरच्यांना मात्र दर वेळी सांगावं लागे, नाहीतर ते एक पाऊल मागे सरत. नळी, चाप, सगळं लोखंड युरोपातल्या कारखान्यातून यायचं. नेमबाजांच्या क्लबातून ते नोंद करून कार्यशाळेत यायचं आणि नोंद करूनच परत जायचं. कार्यशाळेचा परवाना मालक मजीद यांच्या नावावर. नूरुद्दीनचं काम एवढंच की ते लोखंड एका माणसाचं करायचं. चाप किती दाबल्यावर सुटावा, तोंडाकडे वजन किती, बुडाकडे किती, आणि सगळ्यात शेवटी मूठ. अक्रोडाची, त्या एका पंजाच्या साच्यावरून कोरलेली. डोळे मिटून हात घातला तरी तो दर वेळी त्याच जागी जाऊन बसला पाहिजे. दुसऱ्याने धरली तर परक्याच्या चपलेत पाय घातल्यासारखं वाटलं पाहिजे. पिस्तूल क्लबच्या तिजोरीत राही. घरी येई ती फक्त मूठ, आणि ती बसवून बघायला पिस्तुलाच्या मापाचा अ‍ॅल्युमिनियमचा एक ठोकळा.

मुठीच्या आतल्या अंगाला, जिथे लोखंड बसलं की ती जागा कायमची झाकली जाते, तिथे नूरुद्दीन खूण करी. एक आडवी रेघ, वर टिंब. बापाचीच चाल होती ती.

सतरा वर्षं ओवैस त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसला. पहिली चार वर्षं नुसता पॉलिश पेपर घासला. मग निम्मी मूठ त्याच्याकडे आली. गेली सहा वर्षं तर जवळजवळ सगळीच, कारण अब्बांच्या डोळ्यांत पडदा उतरत होता. खूण मात्र अब्बांची. दोहा, मनामा, कैरोपर्यंत ओवैसच्या मुठी गेल्या, आतून नूरुद्दीनच्या होऊन. हिवाळ्यात एकदा अब्बा म्हणाले, येत्या ऑगस्टात मी कायमचा गावी जातो. पुढचं गिऱ्हाईक तुझं. खूणही तुझी.

ओवैसने त्या दिवसापासून आपली खूण रद्दी लाकडावर कोरून बघायला सुरुवात केली. तीन उभ्या रेघा, मधली आखूड. जवेरियाला फोटो पाठवला. ती म्हणाली, छान आहे, पण कोण बघणार. तो हसला.

आणि पुढचं गिऱ्हाईक निघालं मुनिरा.

दस्मानमध्ये राहणारी, पंचवीस मीटरवर नेम धरणारी मुनिरा. दोन वर्षांपूर्वी मोटारीच्या अपघातात तिच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं मिटेनाशी झाली. फरहतने सात महिने त्या हातावर मेहनत घेतली. बोटं मिटली नाहीत, पण हात शांत झाला. मग मुनिराने नवं पिस्तूल मागवलं आणि कार्यशाळेत येऊन सांगितलं, हाताचं फरहत बघेल, लाकडाचं तुम्ही बघा.

अब्बांनी मान डोलावली. ते एरवी बिस्किट निवडायला घेतात तेवढाही वेळ त्यांनी घेतला नाही. मग या मुठीवर खूण कोणाची, हे त्यांनी पुन्हा सांगितलं नाही.

झैदचं कौतुक झालं असतं तर ओवैसला ते कसं गिळायचं हे ठाऊक होतं. धाकट्या भावाचं कौतुक लहानपणापासून अंगवळणी पडलेलं असतं. पण ही मुरुडहून चार वर्षांपूर्वी आलेली पोर. कानस कोणत्या बाजूने धरायची हे हिला माहीत नाही. अब्बा तिला 'डॉक्टर' म्हणतात. ती डॉक्टर नाही, हातांचे व्यायाम घेते. कार्यशाळेत ती आली की अब्बा ओवैसला म्हणत, जरा ऊठ रे, डॉक्टरला बसू दे. सतरा वर्षांत त्या स्टुलावर दुसरं कोणी बसलं नव्हतं. ओवैस उभा राही. ती उठून गेल्यावरही स्टुलाची बैठक बराच वेळ कोमट असे, आणि तो त्यावर बसत नसे.

त्याहून वाईट गोष्ट अशी होती की तिचं काम चांगलं होतं.

मुनिराची ती दोन न मिटणारी बोटं. ओवैस असता तर त्याने मूठ खालून आखूड केली असती, बोटं मोकळी सोडली असती. कोणीही तेच केलं असतं. फरहतने साचा घेताना त्या बोटांखाली मातीची एक पायरी केली. इतकुशी. बोटांनी काही धरायचं नाही, नुसतं टेकायचं. अंड्यांवर बसलेल्या कोंबडीसारखी ती दोन बोटं तिथे निवांत बसली, आणि त्यासरशी मुनिराचा खांदाही खाली आला. ओवैसने ते पाहिलं. हे आपल्याला कधीच सुचलं नसतं, एवढं त्याला त्याच क्षणी कळलं. आणि त्याच क्षणापासून तो त्या साच्यात खोट शोधू लागला.

खोट सापडली. भिंतीवरच्या घड्याळात.

साचा घेतला तो रमजानच्या सतराव्या दिवशी, दुपारी चार वाजता. अब्बा डोळ्याच्या ऑपरेशनमुळे घरी होते. ते असते तर त्यांनी असं होऊ दिलंच नसतं. अब्बांचा नियम होता, रोज्यात साचा घ्यायचा नाही. दिवसभर पाणी नसलेला हात सुकतो, अंगठी सैल होते. "रोज्यातला पंजा अर्धा मिलिमीटर चोरतो," असं ते म्हणत. त्या मापाने मूठ कोरली तर ईदनंतर ती आवळते.

ओवैस तिथे उभा होता, घड्याळाकडे बघत. तो बोलला नाही. आधी मनात आलं, आवळू दे. मग आठ-दहा दिवसांनी त्याहून चांगली कल्पना सुचली. मूठ आवळली तर कार्यशाळेचं नाव जाईल. पण आवळलीच नाही तर? आपणच तो अर्धा मिलिमीटर हात टेकतो तिथून काढून टाकला, मुनिराने हात घातला, तो बरोब्बर बसला, आणि मग सगळ्यांसमोर सांगितलं, की फरहतने उपाशी हाताचा साचा घेतला होता, मी सांभाळून घेतलं? मग खूण कोणाची, हे विचारायचीच गरज उरली नसती.

म्हणून अठ्ठाविसाव्या रोज्याला दार लावून त्याने कोरून झालेल्या मुठीवर पुन्हा कानस चालवली. सगळीकडून अर्धा मिलिमीटर. एवढी सफाई त्याच्या हाताला आयुष्यात कधी आली नव्हती.

*

जेवायला सगळे खाली बसले. झैद डोळे चोळत उठला, त्याने टीपॉयवरच्या हिरव्या फडक्याकडे बघितलं आणि म्हणाला, मुनिराबाई मोकळ्या हाताने यायच्या नाहीत, मोठा डबा आणतील, अम्मा तू आत्ता कमी खा. रुकय्या म्हणाली, तू निजून निजून सुजलायस, तुझाच साचा घ्यायला हवा. फरहत हसली. अब्बाही हसले. ऑपरेशन झालेला डोळा अजून पाणावत होता, तो त्यांनी रुमालाने टिपला.

"दादा," झैद म्हणाला, "आज तुझी खूण पडायची. गावी भाभीला मिठाई वाटायला सांगितलीस का?"

ओवैसने सांदणाचा तुकडा मटणाच्या रश्शात बुडवला. मनातलं एक वाक्य तो खरं तर मुनिराचा हात मुठीत बसल्यानंतर बोलणार होता. पण झैदने ताट पुढे केलं तेव्हा अब्बांनी त्यातली मटणाची चांगली नळी उचलून फरहतच्या ताटात ठेवली, आणि ओवैसच्या तोंडून ते निघून गेलं.

"साचा रोज्यातला आहे, अब्बा."

अब्बांचा हात थांबला.

"सतरावा रोजा. दुपारचे चार. मी तिथेच होतो."

अब्बांनी मान वळवून फरहतकडे बघितलं. चार वर्षांत तिच्याकडे त्यांनी असं बघितलेलं ओवैसला आठवत नव्हतं. फरहतने ओढणी कपाळावर ओढली. कानाच्या पाळीपर्यंत लाल झाली. तिने तोंड उघडलं, एकदा झैदकडे, एकदा सासऱ्याकडे बघितलं, आणि मिटलं.

"तुला नियम माहीत नव्हता?" अब्बांनी विचारलं.

"माहीत होता," ती हळू म्हणाली.

"मग?"

रुकय्याने मधेच सांदणांचं भांडं अब्बांच्या पुढ्यात सरकवलं. "जेवण करा आधी. हाताचं हात आल्यावर बघू."

झैदने बायकोकडे पाहिलं, मग भावाकडे. काल-परवापर्यंत तो म्हणत होता की खूण दादाचीच पाहिजे, हक्काची आहे. आता तो फरहतच्या बाजूला दोन बोटं सरकला. ओवैसने तेही टिपलं. पण त्या घडीला त्याला सगळं गोड लागत होतं. सतरा वर्षांत पहिल्यांदा या जेवणाला चव आहे असं त्याला वाटलं.

*

मुनिरा साडेचारला आली. काळा अबाया, पायात धावायचे बूट, हातात खजुराच्या मिठाईचा डबा. झैदच्या अंदाजापेक्षा डबा लहान होता. तिने रुकय्याच्या दोन्ही गालांचे मुके घेतले, फरहतला मिठी मारली, अब्बांना लांबून छातीवर हात ठेवून सलाम केला. ओवैसकडे बघून मान हलवली. घरच्या स्वयंपाक्याकडून शिकलेल्या हिंदीत ती रुकय्याला म्हणाली की तुमच्या सुनेने मला हात परत दिला. रुकय्या म्हणाली, हात अल्लाने दिला, हिने नुसती मालिश केली. सगळे हसले.

अब्बांनी फडकं सोडलं. अक्रोडाचं लाकूड उजेडात चहासारखं चमकलं. ठोकळ्यावर मूठ त्यांनी स्वतः बसवली, स्क्रू आवळले आणि मुनिरापुढे धरली.

तिने हात घातला. दोन बोटं पायरीवर टेकली. तिने डोळे मिटले, हात समोर लांबवला, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या दिशेने.

डोळे उघडून तिने मनगट जरा हलवलं. हात काढला. पुन्हा घातला. पुन्हा मनगट हलवलं.

"थोडी ढिली है," ती म्हणाली, अपराध्यासारखी.

ओवैसने जे वाक्य तोंडात तयार ठेवलं होतं ते जिभेवरच वाळलं.

अब्बा आपल्या बोलीत बोलले, गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून, आणि आवाज अगदी साधा ठेवून. "रोज्यातला पंजा बारीक. त्यावरून कोरली तर मूठ आवळायला हवी. ही सैल कशी?"

मुनिरा एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली.

"साचा मी घेतला, अब्बा," फरहत म्हणाली. "माझंच काहीतरी चुकलं असेल."

तिने ओवैसकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

अब्बांनी मूठ ठोकळ्यावरून काढली आणि हात बसतो त्या बाजूने अंगठा फिरवला. त्यांचे डोळे अधू होते, अंगठा अधू नव्हता. तळहात टेकतो त्या जागी तो थांबला, मागे गेला, पुन्हा आला. कानशीची चाल प्रत्येकाची वेगळी असते. नूरुद्दीन कानस ढकलतो. ओवैस ती तिरकी ओढतो, लहानपणी डाव्या हाताने सुरुवात केली म्हणून. ही सवय बापाने कितीदा मोडायचा प्रयत्न केला होता.

मग अब्बांनी मान वर केली आणि मुनिराला अरबीत सांगितलं की लाकडाने पाणी सोडलंय, या हवेत होतं असं, बाईसाहेब, चूक आमची.

ओवैसने खाली मान घातली. बापाला खोटं बोलताना त्याने पहिल्यांदाच ऐकलं.

मुनिराची स्पर्धा आठ दिवसांवर होती. नवं लाकूड, नवी मूठ, एवढा वेळ नव्हता. मुनिरा म्हणाली काळजी करू नका, क्लबातले निम्मे लोक सैल मुठीला लांबी, म्हणजे भेगा बुजवायचं लुकण, भरतात, आणि तिने पिशवीतून लाकडाच्या लांबीची डबी काढली. नेमबाज ती बरोबरच ठेवतात. तिला ती फार मोठी गोष्ट वाटली नाही. या घरात ती होती. लांबी म्हणजे लाकडाच्या तोंडून खोटं वदवणं, असं नूरुद्दीन म्हणे. आजवर अशा तीन मुठी झाल्या होत्या, तिन्ही बिनखुणेच्या गेल्या होत्या.

लांबी मळायची कोणी? अब्बांना नीट दिसत नव्हतं. ओवैसने हात पुढे केला, पण मुनिराने डबी आधीच फरहतकडे दिली होती. फरहतने ती हॉस्पिटलातल्या सवयीने मळली, अंगठ्याने मुठीवर हात बसतो त्या बाजूला पातळ पसरली. रुकय्याने स्वयंपाकघरातून डबे झाकायचं प्लास्टिक आणलं. ते मुनिराच्या पंजाभोवती गुंडाळून फरहतने तिचा हात मुठीत दाबला आणि वरून आपले दोन्ही हात धरले. "सोडू नका. मी सांगेपर्यंत." दहा मिनिटं त्या दोघी तशाच बसल्या, एकमेकींचे हात धरून, मुनिराच्या भाचीच्या लग्नाच्या गोष्टी करत. ओवैस भिंतीला टेकून उभा होता. तो गेला असता तर कोणाच्या लक्षात आलं नसतं. म्हणून तो गेला नाही.

हात सुटला तेव्हा मुनिराने पुन्हा डोळे मिटून तो कॅलेंडरकडे लांबवला. या वेळी मनगट हललं नाही. तिने नुसता श्वास सोडला.

*

लांबी वाळायला मूठ तिथेच ठेवून ती गेल्यावर ओवैस वाट्या उचलायचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेला. रुकय्याने पाठ न वळवता नळ सोडला, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये.

"त्या दिवशी तिला रोजा नव्हता."

"कोणाला?"

"मुनिराला. बायकांना महिन्यातून काही दिवस रोजा नसतो, हे तरी माहीत आहे ना? एक बहीण असती तुला तर अक्कल आली असती. फरहतने दिवस बघूनच बोलावली होती तिला. आमच्या खोलीत बसून पोटभर पाणी पिऊन, केळं खाऊन गेली ती तुमच्या त्या शुवैखला. मीच दिलं केळं."

ओवैस वाट्या हातात धरून उभा राहिला.

"मला सांगायचं होतं कोणीतरी."

"तुला?" आता ती वळली. "जेठाला? सासऱ्यासमोर, जेवणाच्या ताटावर? तिने कोणत्या तोंडाने सांगायचं? तू विषय काढलास तेव्हा ती पोर नुसती जळत बसली, ते दिसलं नाही तुला?"

त्याला ते दिसलं होतं. त्याचीच तर त्याला चव लागली होती.

तो हॉलमध्ये आला. झैद उभा होता, जागा झालेला, मुठी आवळलेल्या. तो एवढंच म्हणाला, की माझ्या बायकोला तू सगळ्यांसमोर खाली मान घालायला लावलीस, आणि पुढे अजून काही बोलणार होता. फरहतने त्याची बाही ओढली. तो बसला.

अब्बा टीपॉयपाशी मूठ मांडीवर घेऊन बसले होते. बाजूला त्यांची छोटी पटाशी.

"किती काढलंस?"

"अर्धा."

"सगळीकडून?"

"सगळीकडून."

अब्बांनी का म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगायचं याची ओवैसने तयारी केली होती. कार्यशाळेचं नाव, गिऱ्हाइकाची सोय. ते सगळं तसंच राहिलं.

"दादा," फरहत म्हणाली, "मला विचारायचं होतं तुम्ही."

"काय विचारणार होतो?" तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच बारीक वाटला. "ते विचारता येतं का?"

तेवढ्यापुरतं त्याचं खरं होतं.

"विचारायचं कशाला," अब्बा म्हणाले. "पाणी पुढे करायचं. प्यायली तर रोजा नाही, नाही प्यायली तर आहे. पहिल्या दिवशी शिकवलं होतं तुला. हात धरायच्या आधी गिऱ्हाइकाला पाणी."

त्यांनी मूठ उलटी केली, आतलं अंग वर आलं. गुळगुळीत, कोरं लाकूड, खाली लांबीची फिकट कड. पटाशी त्यांनी दांड्याकडून ओवैसपुढे धरली.

"कर खूण."

ओवैसला आधी कळलंच नाही. "अब्बा, यावर लांबी आहे. लांबी लागलेल्यावर खूण नसते."

"माझी नसते."

रुकय्या दारात येऊन थांबली. झैदने मान वर केली.

"सतरा वर्षं तुझं बरं काम माझ्या खुणेखाली गेलं," अब्बा म्हणाले. "वाईटही गेलं, मी बोललो नाही. हे तुझं आहे. सगळं. ती पायरी सोडून. पण पायरीला वेगळी खूण करायची चाल आपल्यात नाही, त्यामुळे तीही तुझ्याच नावावर जाईल. घे."

ओवैस खाली बसला. घरात शिकंजा नव्हता, मूठ धरायला काही नव्हतं. तो इकडे-तिकडे बघत राहिला. मग फरहत समोर येऊन बसली. तिने मूठ दोन्ही हातांत पालथी धरली, घट्ट, जशी पेशंटची मनगटं धरते तशी. तिची बोटं पटाशीच्या टोकापासून दोन इंचांवर होती.

"हलणार नाही," ती म्हणाली.

त्याने पहिली रेघ मारली. दुसरी आखूड असायला हवी होती. रद्दी लाकडावर शेकडो वेळा ती आखूड आली होती. पटाशी पुढे सरकली आणि ती पहिलीएवढीच लांब झाली. तिसरी मारली. तीन सारख्या रेघा. लाकडाचा भुगा फरहतच्या नखांवर पडला. तिने तो झटकला नाही, मूठ सुटेल म्हणून.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं."

अब्बांनी मूठ घेतली, अंगठा फिरवून तीन रेघा मोजल्या आणि ठोकळ्यावर बसवून स्क्रू आवळले. रेघा झाकल्या गेल्या.

*

अपघातानंतर तीन महिन्यांनी मुनिरा हात गळ्यात अडकवून आपलं जुनं पिस्तूल विकायला कार्यशाळेत आली होती, तेव्हा तिला विकू नका असं सांगून, पॉलिश पेपरच्या मागच्या बाजूला फरहतचं नाव आणि हॉस्पिटलातल्या खोलीचा नंबर लिहून दिला होता तो ओवैसने.